इंजिन घरी साफ करावं का? माझं मत: करावं, पण पाण्याचा जोर आणि घाई दोन्ही टाळून

चौथा_गिअर

गाडी बाहेरून नियमित पुसणारे बरेच जण बॉनेट मात्र उघडत नाहीत. उघडलंच तर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, इंजिनाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. दुसरा प्रेशर वॉशर घेऊनच उभा असतो. मला दोन्ही पटत नाहीत. इंजिन स्वच्छ असावं, ते काम घरी नीट जमतं, आणि शक्य असेल तर मालकानेच करावं.

मुद्दा चकाकीचा नाही. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. त्याच्या गॅस्केटमधून (सांध्यातल्या पट्टीतून) ऑइल पाझरायला लागलं की त्यावर धूळ बसते आणि जाड चिकटा तयार होतो. ऑइल ओघळत खाली जातं, गाडी पळताना वाऱ्याने मागे फेकलं जातं, आणि शेवटी क्रँकचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं, सीलच गेलंय असं वाटतं. वरचं साधं गॅस्केट बदलून भागलं असतं तिथे गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. ब्लॉक स्वच्छ असेल तर ताजा ओघळ लगेच दिसतो. कूलंटचा सुकलेला डाग, होजला पडलेली बारीक चीर, उंदराने कुरतडलेली वायर, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी, हे सगळं फडकं फिरवतानाच नजरेला पडतं. साफसफाई म्हणजे माझ्या दृष्टीने इंजिनाची तपासणीच आहे.

मी कसं करतो ते सांगतो. गाडी आदल्या रात्रीपासून उभी असलेली हवी, म्हणजे इंजिन पूर्ण थंड. किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, त्यामुळे केबल काढण्यात आळस नको. आधी सगळं काम कोरडं: वाळलेली पानं, काटक्या हाताने काढायच्या, धूळ मऊ ब्रशने झाडायची. काचेखालच्या पन्हळीत पानं कुजून निचऱ्याची भोकं बुजलेली असतात, ती मोकळी करायची. मग ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), एअर फिल्टरचं तोंड आणि स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल प्लॅस्टिकने झाकायच्या. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलेत ना, ते बघायचं.

डिग्रीझर, म्हणजे तेलकट चिकटा काढणारं द्रावण, पाण्यात मिसळणारा, सौम्य. तो इंजिनावर फवारत नाही, ब्रशवर घेतो. एका वेळी वीतभर जागा, घासायचं, वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसायचं. खालच्या फारच तेलकट धातूच्या भागावर हातपंपाच्या बाटलीने हलकं पाणी मारतो, बाकी कुठेही नाही. शेवटी कोरडं करून प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा मोजून काढायचा. एखादी पिशवी बेल्टमध्ये गुंतली किंवा एक्झॉस्टवर वितळली तर वेगळाच प्रसंग ओढवेल. मग केबल जोडून, बॉनेट उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. हे उघड्यावरच, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही.

विरोधी मतं वाचायला आवडतील.

कोरडंच_बरं

मग विरोध नोंदवतोच. सगळी मेहनत मान्य, पण ती कशासाठी? इंजिन स्वच्छ असलं की थंड राहतं असा एक समज आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता मुख्यतः कूलंटमधून रेडिएटरकडे जाते. ब्लॉकवर धुळीचा थर आहे म्हणून तापमानाचा काटा वर चढत नाही. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि माती अडकली असेल तर जरूर काढा, तो वेगळा विषय.

गळती शोधायची तर संशयित जागा तेवढी पुसा. ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळायची सोय असते, त्याने गळतीचा उगम नेमका सापडतो. त्यासाठी अख्ख्या इंजिनाला हात लावायची गरज नाही. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बॉनेटखाली पाणी मारण्याबद्दल स्पष्ट इशारा असतो, तो कोणीतरी विचार करूनच छापलेला असतो.

आणि दहा-बारा वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. ब्रशचा धक्का लागून कपलरची (वायरच्या जोडाची) क्लिप तुटली, व्हॅक्यूमची बारीक नळी निसटली, की चांगली चालणारी गाडी आपणच बिघडवली. धुळीने इंजिन बंद पडलेलं मी पाहिलेलं नाही. धुतल्यावर बंद पडलेली पाहिली आहेत.

गॅरेजवाला

माझ्या हाताखालून दोन्ही प्रकार जातात म्हणून लिहितो.

धुतल्यावर येणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुतेक एकच: इंजिन मिस मारतंय (मधेच ठिणगी चुकून झटके देतंय), चेक लाइट लागलाय. कारणही बहुतेक एकच. स्पार्क प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतात तिथे पाणी साचतं. वर कॉइलचं रबर असतं, पण ते जुनं झालं की घट्ट बसत नाही. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. मग ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाजूनेच बॉडीला जाते. अशा वेळी घाईने प्लग खोलू नका, खड्ड्यातलं पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरेल. आधी कॉइल काढून पाणी शोषून घ्या, हवेने कोरडं करा, मगच प्लगला पाना लावा.

आता कोरडंच_बरं यांना. धुळीने इंजिन बंद पडत नाही हे खरं. पण तेलाने माखलेली होज आणि बेल्ट लवकर जातात, आणि तेलात भिजलेला कचरा एक्झॉस्टजवळ साचला तर आगीचा धोका असतो. बॉनेटखाली उंदराचं घरटं, कागद, चिंध्या, सुकं गवत नेहमी सापडतं. ते काढायलाच हवं.

धागाकर्त्याला एक दुरुस्ती: गळती दाखवायला गाडी आणायची असेल तर आणायच्या दिवशी इंजिन साफ करू नका. मला ओघळ दिसला पाहिजे. आठवडाभर आधी साफ करा, गाडी नेहमीसारखी चालवा, मग आणा. तेव्हा काम खरंच सोपं होतं.

जुनी_डिझेल

एवढं काय घाबरायचं? आमच्याकडे ट्रॅक्टर आणि जुना टेम्पो प्रेशर वॉशरनेच धुतात, आधी रॉकेल फवारून. रॉकेलाइतका चिकटा कशानेच निघत नाही. आजवर एकही इंजिन सुरू व्हायचं राहिलेलं नाही. आणि हल्लीच्या गाड्यांचे कपलर वॉटरप्रूफ असतात, पावसात गाडी चालतेच ना?

विजेरी

जुनी_डिझेल, तुमचा अनुभव खराच आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. इंधन दाबाने तापलेल्या हवेत पेटतं, ईसीयू नाही, सेन्सर जवळपास नाहीत. पाण्याने बिघडेल असं तिथे फार थोडं आहे. तोच फवारा आजच्या पेट्रोल गाडीवर मारला तर तेच होईल याची काय खात्री?

‘वॉटरप्रूफ’बद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. कपलरला आयपी मानांकन असतं, म्हणजे तो धूळ-पाणी किती अडवतो याचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी चालेल. ही चाचणी शांत पाण्याची आहे, जोराच्या झोताची नाही. झोतासाठी वेगळं मानांकन आहे, आयपी ६९के. त्यात ८० अंशांचं गरम पाणी ८० ते १०० बार दाबाने १०-१५ सेंटिमीटरवरून मारतात. बॉनेटखालचा प्रत्येक कपलर या दुसऱ्या परीक्षेला बसलेला नसतो. शिवाय ही मानांकनं नव्या सीलची. उष्णतेने कडक झालेल्या सीलबद्दल ती काहीच सांगत नाहीत.

पावसाचं म्हणाल तर पाऊस बॉनेट, काचेखालची पन्हळ आणि खालचा पत्रा यांच्या आडोशाने येतो. बॉनेट उघडून मारलेला झोत थेट सीलच्या कडेवर बसतो.

कोमट इंजिनाबद्दल अजून एक. गरम कपलरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच होत नाही. काही आठवड्यांनी तांब्याच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो, मग सेन्सर कधी चालतो कधी नाही. असला दोष शोधणं हे सगळ्यात किचकट काम. धुण्याशी त्याचा संबंध तोवर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

चौथा_गिअर

विजेरी, ही आत ओढलं जाण्याची माहिती फार मोलाची. म्हणूनच मी थंड इंजिनाचा आग्रह धरतो. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी टाकून तडा जाण्याचा धोका आहेच, पण त्याहून लोकांना हा कपलरचा मुद्दा कळला पाहिजे.

रॉकेलाबद्दल मात्र मला ठामपणे लिहायचंय. ते साधारण ३८ अंशांच्या पुढे पेटेल इतकी वाफ सोडतं, म्हणजे उन्हात तापलेल्या पत्र्यावरही. आणि साधारण २२० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटू शकतं. चालून आलेल्या गाडीचा एक्झॉस्ट याच्या कितीतरी वर असतो. पेट्रोलची तर गोष्टच नको, त्याची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही पेटते. दुसरं असं की कूलंटच्या होज आणि आजचे बरेच बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. हे रबर पाणी आणि उष्णता छान सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. चिकटा निघाला आणि होज फुगली, यात काय मिळवलं?

जुनी_डिझेल

आगीचं मान्य, आम्ही थंड इंजिनावरच मारतो. रबराचं मात्र पटलं, कारण आमच्या होज वरचेवर बदलाव्या लागतात आणि आम्ही त्या होजच्या कंपनीला दोष देत होतो. तरी ब्रशने वीत वीत घासणं टेम्पोच्या इंजिनाला परवडणारं नाही. तिथे मी पाणीच वापरणार, फार तर नोझल लांब धरेन.

नवशिक्या

दोन शंका. इंजिन चालू ठेवून साफ केलं तर आत पाणी शिरत नाही असं ऐकलंय, खरं का? आणि हायब्रिड गाडीला हीच पद्धत चालेल का?

गॅरेजवाला

पहिलं: नाही. चालू इंजिन हवा ओढत असतं, हवेबरोबर पाणीही ओढेल. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये पुरेसं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावंच लागतं. शिवाय फिरत्या बेल्टजवळ फडकं घेऊन हात घालणं म्हणजे बोटं पणाला लावणं.

विजेरी

दुसरं: हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वेष्टनाच्या केबल दिसतील. नारिंगी म्हणजे उच्च दाब, शेकडो व्होल्ट. १२ व्होल्टच्या बॅटरीची केबल काढली म्हणून तिथे हात घालायचा परवाना मिळत नाही. वरवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, नारिंगी केबल आणि तिचे जोड यांच्या वाटेला जाऊ नका. पाणी, डिग्रीझर काहीच नको. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच.

ओढ्याकाठी

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते: हे तेलकट पाणी जातं कुठे? घरासमोर इंजिन धुतलं तर ते पावसाच्या गटारातून थेट ओढ्यात किंवा नदीत. नीट बांधलेल्या वॉशिंग सेंटरमध्ये तेल वेगळं करणारी टाकी असते, घरी नसते. ऑइल, कूलंट, डिग्रीझर सगळं मिसळलेलं पाणी मातीत मुरलं तर झाडालाही नको असतं. गाडीची काळजी घेताना खालच्या पाण्याची काळजी सुटू नये.

चौथा_गिअर

ताई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता. फडक्याने पुसायच्या पद्धतीत पाणी जेमतेम बादलीभर लागतं. खाली पत्र्याचा ट्रे आणि जुनी चादर पसरली तर ओघळही तिथेच अडतात. तेलकट फडकी वेगळी बांधून, जिथे वापरलेलं ऑइल घेतात तिथे देता येतात.

कोरडंच_बरं

ओढ्याकाठी यांच्या मुद्द्याने माझीच बाजू पक्की झाली. पाणीच नको. पण गॅरेजवाला म्हणतात ते घरटं आणि कचरा काढणं मला मान्य आहे, तेवढं मीही करतो.

एक मात्र सोडत नाही. साफ करून झाल्यावर चकाकीचा सिलिकोन स्प्रे मारणाऱ्यांचं काय? तो बेल्टवर उडाला की बेल्ट घसरतो. त्याची वाफ इनटेकमधून आत गेली तर जळून ऑक्सिजन सेन्सरवर थर बसतो आणि सेन्सर निकामी होतो. कडक अल्कलीचे डिग्रीझरही तसेच. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि आजच्या इंजिनात ॲल्युमिनियम भरपूर आहे. ‘घरी करा’ म्हटलं की लोक हे सगळं विकत आणणार.

चौथा_गिअर

सिलिकोनबद्दल शंभर टक्के सहमत. इंजिनावर कसलाही स्प्रे नको, ओल्या फडक्याने पुसलेलं प्लॅस्टिक पुरेसं नीट दिसतं. पण लोक चुकीचं सामान आणतील म्हणून काम करूच नका, हे मला पटत नाही. त्यापेक्षा काय आणायचं नाही हे सांगत राहू. बाटलीमागचं वाचा, ॲल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलं नसेल तर ठेवून द्या. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

कोरडंच_बरं

आणि जुनी गाडी विकायच्या आधी इंजिन लख्ख करून ठेवतात त्याचं? मी तरी धुतलेलं इंजिन दिसलं की गाडी घेत नाही.

गॅरेजवाला

एवढ्यावरून सोडू नका, नेहमी साफ ठेवणाऱ्याची चांगली गाडी हातची जाईल. विक्रेत्याला सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे, गाडी अर्धा तास चालवा, मग सपाट जागी उभी करून खाली पुठ्ठा सरकवा आणि थोडं थांबा. ऑइलचं झाकण उघडून आत बघा. बाहेरून पुसलेलं असलं तरी पुठ्ठ्यावर थेंब पडतात आणि झाकणाखालची काळी मळी तशीच असते.