जीआर ८६ घेतोय. ट्रॅकसाठी आधी काय बदलू?

यवतेश्वर_रिटर्न:
मंडळी, बायको अखेर हो म्हणाली. तिच्या अटी दोन: आधी तिची सिएना सर्व्हिसिंगला जाणार, आणि ट्रॅकवरचा एकही व्हिडिओ आईच्या व्हॉट्सॲपवर जाणार नाही. पुढच्या शनिवारी टोयोटा जीआर ८६ ताब्यात मिळतेय. सहा गिअरची मॅन्युअल, १८ इंची चाकांची. रंग लाल नाही, कारण लाल गाडी पोलीस जास्त अडवतात असं बायकोचं म्हणणं. पुरावा विचारायची माझी हिंमत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा, आता फ्रीमॉन्टला असतो. वय ४३. गाडी शिकलो वडिलांच्या जीपवर, यवतेश्वरच्या घाटात. त्यानंतर आजवर कॅमरी. ऑफिस, किराणा, विमानतळ, संपलं.

गाडीबरोबर 'नासा'चं वर्षभराचं सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक दिवस फुकट मिळतो. ही नासा म्हणजे गाड्या पळवणाऱ्यांची संघटना, रॉकेटवाली नव्हे. आईला हे नीट सांगेपर्यंत अख्ख्या गल्लीत पेढे वाटून झाले होते.

पहिला दिवस थंडरहिलच्या ट्रॅकला करायचा विचार आहे, घरापासून अडीच तास. वेगळे काढलेत ४,००० डॉलर. यादी अशी: टर्बो किट, एक्झॉस्ट, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक), हलकी चाकं, पैसे उरले तर मागे पंख. कुठून सुरुवात करू?

गिअरवाली_मावशी:
अभिनंदन रे! आता ती यादी फाड. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

मी मूळची नाशिकची, सॅक्रामेंटोला राहते. मियाटा, म्हणजे माझदाची छोटी दोन सीटची गाडी, घेऊन ट्रॅकवर जायचं हे माझं नववं वर्ष. पहिल्या वर्षी मी तुझ्यासारखीच होते. चाकं बदलली, स्प्रिंगा बदलल्या, सीट बदलली. ब्रेक ऑइल तेवढं कंपनीतून आलेलं, तीन वर्षांचं, तसंच ठेवलं. ते कुणाला दिसतंय!

थंडरहिलला मागच्या लांब सरळ पट्ट्यानंतर चौदावं वळण येतं, डावीकडे. तिसऱ्या सेशनला तिथे ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल खालीच गेलं. पिळलेल्या फडक्यावर पाय पडावा तसं लिबलिबीत, पायाखाली काही लागतच नाही. दोनदा दाबून तिसऱ्यांदा थोडं धरलं, पण तोवर वळण हुकलं होतं. सरळ मातीत. गाडीला ओरखडासुद्धा नाही. मी मात्र पिटमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, येऊन अर्धा तास नुसती बसून होते. शेजारच्या गाडीवाल्याने न विचारता पाण्याची बाटली हातात दिली.

म्हणून क्रम असा. आधी ब्रेक ऑइल, मग पॅड. मग टायर. मग दोन वर्षं काही नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४ या दर्जाचंच घे, पण उकळबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या वरचं. मोटुलचं आरबीएफ ६०० त्यातलंच. डब्यावर उकळबिंदूचे दोन आकडे असतात, कोरडं म्हणजे नव्या ऑइलचा आणि ओलं म्हणजे ओलावा शोषलेल्याचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि उकळबिंदू घसरत जातो. साध्या डॉट ४ ला कोरडं किमान २३० लागतं, ओलं फक्त १५५. म्हणून अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवायचा नाही. आपल्याला टाकवत नाही हे माहितीये, तरी टाक.

हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा 'एसए' शिक्का बघ. 'एम' मोटरसायकलचं, त्याची आगीची चाचणी झालेली नसते. आणि पॉलिसी वाच. बहुतेक विम्यांतून ट्रॅक वगळलेला असतो. त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो.

चाकणचा_पाना:
मावशींना दंडवत. मी चाकणला कारखान्यात ब्रेकच्या चाचण्याच करतो, म्हणून बोटांवरचा हिशोब मांडतो.

गाडी साधारण १,२७५ किलो, वर ड्रायव्हर, १,३५० धरा. ताशी १७७ किलोमीटरवरून ८८ वर आणायची, म्हणजे वेग निम्मा. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वेग अर्धा झाला की तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. आकडा येतो सुमारे १२ लाख ज्यूल. घरच्या पातेल्यात साडेतीन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता, चार-पाच सेकंदांत, चार डिस्कांवर. आणि पुढचं वळण तुमच्यासाठी थांबत नाही. शहरात असं ब्रेकिंग कुणी वर्षभरात एकदाही करत नाही, म्हणून कंपनीचे पॅड तिथे बरे वाटतात.

ऑइल उकळलं की त्यात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मावशींचं फडकं ते हेच.

सेशन संपल्यावर एक फेरी हळू मारा, आणि उभी करताना हँडब्रेक ओढू नका. तापलेला ब्रेक तिथेच आवळून राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ओंडका लावा.

बाकी तुमचा हेवा वाटतो. आम्हाला पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकला जायचं तर रस्त्याने १,२०० किलोमीटर. एफ वनवाला बुद्ध सर्किट त्याहून लांब, नोएडाकडे, ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या. माझी पोलो अजून खंबाटकीतच काय ती तापते.

पक्या_डेट्रॉइट:
सगळे एवढे सोवळ्यात का? २२८ हॉर्सपॉवर म्हणजे हायवेवर मिनीव्हॅनसुद्धा बाजूने निघून जाते. निदान एक्झॉस्ट तरी लावू द्या त्याला. आवाज नसेल तर स्पोर्ट्स कार घ्यायची कशाला?

गिअरवाली_मावशी:
पक्या, आमच्या लगुना सेका ट्रॅकला येऊन दाखव. तिथे बऱ्याच दिवशी ९० डेसिबलची मर्यादा असते, ट्रॅकच्या कडेला मीटर लावलेला. ओलांडली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅकवरून बाहेर. हजार डॉलर आवाजावर घालवून पार्किंगमध्ये बसलेले मी बघितलेत. आणि टर्बोचं म्हणशील तर कॅलिफोर्नियात सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा (प्रदूषण तपासणाऱ्यांचा) मंजुरी क्रमांक नसेल तर तो रस्त्यावर चालत नाही. तुमच्या डेट्रॉइटचं वेगळं असेल.

यवतेश्वर_रिटर्न:
मावशी, यादी फाडली. पंख सगळ्यात आधी फाडला. एकच शंका: कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या तिरकेपणाचं, काय? पुढच्या टायरची बाहेरची कड लवकर झिजते असं वाचलं.

चाकणचा_पाना:
झिजतेच. वळणात गाडी कलते आणि पुढचं टायर बाहेरच्या कडेवर उभं राहतं. चाकाचा माथा मुळातच थोडा आत कललेला असेल तर वळणात टायर सपाट बसतं. तुमच्या गाडीत पुढे कॅम्बर फिरवायची सोय कंपनीने दिलेली नाही, पण कॅम्बरचे बोल्ट स्वस्तात मिळतात. ते लावून अलाइनमेंट करून घ्या. पण आधी टायरची झीज तर दिसू दे!

आणि प्रत्येक सेशनआधी इंजिन ऑइल बघा, पातळी वरच्या खुणेला हवी. तुमचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे. लांबलचक उजव्या वळणात चढ्या आरपीएमवर ऑइल एका बाजूला साचतं आणि दाब खाली येतो, हे बऱ्याच ट्रॅकवाल्यांनी मोजून दाखवलंय.

यवतेश्वर_रिटर्न (सात आठवड्यांनी):
जाऊन आलो!

मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पहिले हजार मैल गाडी सांभाळून चालवली, बायकोला वाटलं मी सुधारलो. ब्रेक ऑइल आणि पॅड मिळून ५०० च्या आत, मजुरीसकट. पॅड थंड असताना असे किंचाळतात की सोसायटीतली कुत्री गेटपर्यंत सोडायला येतात.

दिवसभरात वीस-वीस मिनिटांची चार सेशन. शेजारी शिकवणारा, साठीचा, जेमतेम चार शब्द बोलणारा. पुढच्याने खिडकीतून हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. पाचवं वळण म्हणजे चढ. वर पोचेपर्यंत पलीकडचा रस्ता दिसतच नाही, नुसतं आभाळ. पहिल्या तीन फेऱ्यांत मी तिथे घाबरून पाय काढला. चौथ्या फेरीत त्याने बोटाने डावीकडची एक खूण दाखवली, "तिकडे बघ". तिकडे बघितलं तर गाडी आपोआप तिकडेच गेली. आमचे वडील घाटात हेच म्हणायचे: दरीकडे बघू नको, जिकडे जायचंय तिकडे बघ. फक्त ते टपली मारून म्हणायचे.

तिसऱ्या सेशननंतर पिटमध्ये उतरलो तर तापलेल्या ब्रेकचा वास. खंबाटकी उतरलेल्या ट्रकचा. पोटात गोळा आला, पण पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं, मावशी. हँडब्रेक मात्र सवयीने ओढायला गेलोच. शिकवणाऱ्याने मनगट धरलं.

वेगाचं म्हणाल तर एका मियाटाने मला सहा वेळा मागे टाकलं. हॉर्सपॉवर माझ्यापेक्षा कमी, चालवणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या. पक्या, आता बोल.

संध्याकाळी चाकांचे नट परत ८९ पौंड-फुटाला आवळले आणि घरी निघालो. ४,००० मधले ३,००० अजून शिल्लक आहेत. नवे टायर लागतील तेव्हा मागची सीट पाडून चारही आत घालून नेईन, मावतात.

व्हिडिओ आईपर्यंत पोचलाच. कुणी पाठवला याची घरात चौकशी चालू आहे, माझा संशय मुलीवर. आईचा एकच प्रश्न: हेल्मेट नासावाल्यांनी दिलं होतं, की विकत घेतलंस? भाड्याचं होतं म्हटलं, तर म्हणाली, दुसऱ्याचं घामट हेल्मेट कशाला घातलंस रे.