न्यूरल नेटवर्कला ‘चेताजाल’ म्हणावं का?

पार्लेकर: आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना एआयबद्दल मराठीत सांगायचं आहे. एआयमधली मेंदूवरून सुचलेली आकडेमोडीची रचना म्हणजे ‘न्यूरल नेटवर्क’; तिला कुणी मज्जाजाल म्हणतं, कुणी चेताजाल. पाठ्यपुस्तकात चेतापेशी आहेच, म्हणून माझा कल चेताजालकडे. काय म्हणता?

गिरगावची ताई: मज्जाजाल नको हो! वर्ग हसतच बसेल.

माहीमकर: चेताजाल ऐकायला छान आहे, पण मुलांना वाटेल डब्यात मेंदूच बसवलाय. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स या संशोधकांनी चेतापेशीचं गणित मांडलं: आलेल्या संकेतांची बेरीज ठरावीक मर्यादेला पोचली तर १, नाहीतर ०. आजच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक आकड्याला आधी ‘वेट’ने, म्हणजे त्याचं महत्त्व ठरवणाऱ्या संख्येने, गुणतात, मधल्या किमतीही चालतात, पण गाभा बेरजेचाच. खऱ्या चेतापेशीत विजेचे झटके असतात आणि ते केव्हा, किती लागोपाठ येतात यालाही अर्थ असतो. वर रसायनं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य सेरोटोनिन या रसायनाचा मेंदूवरचा परिणाम अभ्यासतात. त्या बेरजेत सेरोटोनिन कुठे बसवणार?

शिकण्याचंही तेच. नेटवर्कचं उत्तर चुकलं की ती चूक शेवटाकडून मागे वाटत नेतात आणि एकेक वेट जरासं बदलतात. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखानंतर ही रीत रूढ झाली. मेंदूत संदेश एका दिशेने जातो, मग चूक उलटी कशी पोचणार, हा आक्षेप शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्येच घेतला होता.

घाटकोपरवाला: अहो, पुष्पकही विमानच होतं. म्हणून सहार विमानतळावर कुणी रावण शोधतं का? शब्द रुळतात.

माहीमकर: रावणाचा घोटाळा होत नाही, याचा रोज होतो. ‘मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, जीपीटी-३ या एआय मॉडेलमध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर, म्हणजे मशीन जिंकलं’ असले फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. पॅरामीटर म्हणजे मुख्यतः ही वेट्सच; त्यांची तुलना करायचीच तर चेतापेशींमधल्या जोडण्यांशी करा. त्या पेशींच्या हजारपटीच्या घरात जातात. तीही तुलना ढोबळच. आणि मेंदूचा हा सगळा कारभार सुमारे २० वॉटवर!

पार्लेकर: पटलं. यंत्रासाठी ‘न्यूरल नेटवर्क’च ठेवतो, चेतापेशी जीवशास्त्राच्या तासाला. ‘वेट’ला ‘भार’ चालेल?

गिरगावची ताई: ‘भार’ म्हटलं की विद्युतभार आठवेल, गोंधळ होईल. ‘वजन’ म्हणा. त्यांच्या शब्दाला वजन आहे म्हणतो ना आपण, त्याच अर्थाने.