मदत हवी आहे: खुब्याचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झाले, आईची जखम अजून ओलीच आहे

नमस्कार, घाईत लिहितेय, चुका समजून घ्या.

आई ७९ वर्षांची, कराडजवळच्या गावात भावाकडे असते. पहाटे मोरीत पाय घसरून डावा खुबा मोडला. मांडीच्या हाडाची मान तुटली होती म्हणून बायपोलर बसवलं, म्हणजे अर्धा सांधा बदलला. साखर २८० निघाल्यामुळे ऑपरेशन चौथ्या दिवसावर गेलं. त्यानंतर सहाव्या दिवशी घरी सोडलं.

टाक्यांची वरची रेघ कोरडी आहे, पण खालच्या दोन टाक्यांतून पाझरतंय. आधी लालसर पाणी होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता रोज सकाळी गॉज उघडला की रुपयाएवढा पिवळा डाग दिसतो. काल तो दुप्पट झाला आणि कडेची कातडी हाताला गरम लागली. ताप मात्र नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, वयामुळे जखम उशिरा भरते. पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू आहेत. ऑपरेशन झालं तिथे फोन केला तर "टाके काढायच्या तारखेला या". ती तारीख चार दिवसांनी आहे.

रात्री अडीचला आई उठून बसते आणि म्हशीची धार काढायची म्हणते. म्हैस विकून १२ वर्षं झाली. दिवसा अर्धी भाकरीसुद्धा जात नाही. भाऊ म्हणतो म्हातारपण आहे, पण पडायच्या आदल्या दिवशीपर्यंत हीच बाई भिशीचा हिशोब तोंडी सांगत होती.

चार दिवस थांबू का? की आजच घेऊन जाऊ? गेल्यावर नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
ताई, आजच न्या. मी २२ वर्षं ऑर्थोच्या वॉर्डात सिस्टर आहे. या वयात इन्फेक्शन झालं तरी ताप येतोच असं नाही. जेवण तुटणं आणि अचानक बरळणं हीच पहिली खूण असते. आत धातू असताना आठवड्यानंतरही जखम वाहतेय, तर ती सर्जननेच बघायला हवी. जंतू धातूवर चिकट थर धरतात आणि त्या थरात गोळ्यांचा असर नीट पोचत नाही. उलट गोळ्या चालू असल्या की कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडेनासे होतात. म्हणून कोणती गोळी, कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. वरवरच्या पुवाच्या कल्चरवर फार भिस्त ठेवू नका, खोलवरचा नमुना घेणार का ते विचारा.

सीआरपी, म्हणजे अंगातली सूज-इन्फेक्शन दाखवणारा रक्ताचा आकडा, ऑपरेशननंतर सगळ्यांचाच वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वात जास्त असतो, मग उतरायला लागतो. उतरून पुन्हा चढला तर गडबड आहे. त्यामुळे आधीचे रिपोर्ट हवेतच. लवकर उघडून धुतलं तर सांधा वाचायची शक्यता चांगली असते. उशीर झाला की तो काढावाही लागतो.

प्रतिसाद २
छातीचा एक्स-रेही करून घ्या. माझ्या वडिलांची जखम छान होती, पण झोपून राहून न्यूमोनिया झाला. तोही बिनतापाचा, नुसता दम लागायचा. लघवीची नळी अजून असेल तर ती कधी काढणार ते विचारा. झोपून राहून कातडीला जखमा होतात, म्हणून पाठ आणि टाचाही उघडून बघा.

मूळ धागाकर्ती
सिस्टर, तुमचं वाचून दुपारीच निघालो. सीआरपी सोडताना ६२ होता, आज १४८ आहे. छाती साफ आहे. नळी आठव्या दिवशी काढली होती. पाठीवर कमरेखाली लाल चट्टा निघाला, तो आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. याची मला फार टोचणी लागलीय.

सर्जननी जखम बघताच गोळ्या थांबवल्या. उद्या सकाळी ८ ला आत घेऊन धुणार, खोलवरचे नमुने पाठवणार आणि मग शिरेतून औषध सुरू करणार. सांध्याचं आतून बघूनच ठरेल म्हणाले. साखर आज २१०, इन्सुलिन चालू केलंय.

धुतल्यावर पेशंटला किती दिवसांनी उभं करतात? आई दर तासाला विचारतेय आणि मला उत्तर देता येत नाही.