वनराज भाटिया यांचे पुरस्कार: परिचयलेखात काय सांगावे आणि कसे सांगावे?

मंद्रसप्तक (प्रश्न)

नमस्कार. संगीतकार वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत झाला, म्हणजे येत्या २०२७ साली त्यांची जन्मशताब्दी आहे. त्यानिमित्त आमच्या गावातील वाचनालयाच्या श्रोतृमंडळाने एक संध्याकाळ त्यांच्या चित्रपट आणि दूरदर्शन-संगीतासाठी राखून ठेवली असून परिचयलेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मानसन्मानांची माझी यादी अगदी आटोपशीर झाली आहे: लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकचे सुवर्णपदक १९५४ साली, 'तमस'साठी सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री.

यादी बरोबर आहे. तरीही ती समोर ठेवली की दोन-तीन गोष्टी मला उलगडत नाहीत. पहिली म्हणजे 'तमस' आपण सर्वांनी दूरदर्शनवर मालिका म्हणून पाहिली. मग तिच्या संगीताला चित्रपटांसाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार कसा मिळाला? दुसरी म्हणजे 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी' अशी एकाहून एक सरस कामे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत केलेल्या या माणसाच्या नावावर संगीतकाराचा एकही फिल्मफेअर पुरस्कार नसावा, याचे कारण काय? आणि तिसरी, जी मला सर्वांत अवघड वाटते: त्यांनी जाहिरातींसाठी हजारो जिंगल्स केल्या, हे अशा औपचारिक लेखात मानसन्मानांच्या शेजारी लिहावे की टाळावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पोथीनिष्ठ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरस्काराच्या नियमात आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारासाठी एखादी कृती कोठे दाखवली गेली यापेक्षा तिला चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्या मंडळाचे, प्रमाणपत्र कोणत्या वर्षी मिळाले हे पाहिले जाते. गोविंद निहलानी यांनी 'तमस' सुमारे पाच तासांच्या अखंड चित्रपटासारखाच केला होता आणि त्याला 'यू' प्रमाणपत्रही मिळालेले होते. दूरदर्शनवर तो भागाभागांनी जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाला. पुरस्कार मात्र १९८७ या वर्षाचा, म्हणजे पस्तिसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांतला आहे. त्याच वर्षी या कृतीला राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटाचा नर्गिस दत्त पुरस्कार आणि सुरेखा सिक्री यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आपल्या लेखात '१९८८ सालची मालिका' आणि '१९८७ सालचा पुरस्कार' अशा दोन्ही नोंदी आल्या तर एखादा चौकस श्रोता अडखळेल, म्हणून हा खुलासा एका वाक्यात अवश्य करावा.

प्रमाणपत्राचा मुद्दा त्या काळी किती कळीचा होता, हे न्यायालयीन कागदपत्रांवरूनही दिसते. प्रक्षेपण थांबवावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि मगच प्रक्षेपणाच्या बाजूने निर्णय दिला. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कौल कायम ठेवताना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचीही दखल घेतली. फाळणीच्या हिंसेवरील ज्या कृतीबद्दल देशभर इतका वाद चालू होता, तिच्या संगीतात भाटियांनी कोणत्याही बाजूचा आवेश येऊ दिला नाही, याला मी परीक्षकांइतकेच महत्त्व देईन. शीर्षकाला जी आर्त हाक येते, ती कोणत्या धर्माच्या माणसाची आहे हे विचारण्याची आपल्याला गरजच वाटत नाही.

आणखी एक बाब. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दूरचित्रवाणी मालिकांसाठी विभागच नाही. त्यामुळे 'खानदान', 'वागळे की दुनिया' आणि 'भारत एक खोज' या मालिकांसाठी भाटियांनी जे केले, त्याला त्या व्यासपीठावर जागा मिळणे शक्यच नव्हते. अमेरिकेच्या एमी पुरस्कारांत मालिकेच्या शीर्षकसंगीतासाठी स्वतंत्र पारितोषिक असते. आपल्याकडे मात्र एका मालिकेला ती चित्रपट म्हणून प्रमाणित झाली म्हणून पुरस्कार मिळाला आणि त्रेपन्न भागांची दुसरी मालिका, जिचे शीर्षकसंगीत आजही ऐकताक्षणी ओळखले जाते, ती त्या नोंदवहीत कोठेच नाही.

जुनीतबकडी

फिल्मफेअरच्या प्रश्नाबद्दल लिहितो. त्या पुरस्कारात सर्वोत्कृष्ट संगीत म्हणजे व्यवहारात गाणी, असाच हिशेब होता आणि पार्श्वसंगीतासाठी वेगळा पुरस्कार तेथे १९९८ साली प्रथम दिला गेला. राष्ट्रीय पुरस्कारांतही गीते आणि पार्श्वसंगीत असे दोन भाग कायमचे वेगळे झाले ते २००९ सालच्या, म्हणजे सत्तावन्नाव्या पुरस्कारांपासून. भाटियांचा ऐन उमेदीचा काळ १९७४ च्या 'अंकुर'पासून सुरू होतो. त्यांचे बरेचसे उत्तम काम पात्रे गप्प असतात त्या जागी आहे आणि त्या कामाला मोजमाप लावणारा रकानाच त्या काळी नव्हता. ज्या वर्षांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल ओळीने पुरस्कार घेत होते, त्या वर्षांत समांतर चित्रपटाच्या संगीतकाराचे नाव पुकारले जाईल अशी अपेक्षा बहुधा कोणीच करत नव्हते, स्वतः भाटियाही नसावेत.

तरीही फिल्मफेअरशी त्यांचा संबंध आला, पण तो गायिकेच्या निमित्ताने. 'मंथन'मधील गुजराती गीतासाठी प्रीती सागर यांना १९७८ च्या सोहळ्यात पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी दिलेल्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिलेला, आणि तीच चाल पुढे अमूलच्या जाहिरातीत वाजत राहिली. ती ऐकणाऱ्या लोकांपैकी चाल कोणाची हे विचारले तर किती जण सांगू शकतील, हा प्रश्न आपल्या कार्यक्रमात उघडपणे विचारून पाहावा.

'भूमिका'बद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मराठी श्रोत्यांपुढे हा चित्रपट वगळून चालणार नाही. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेल्या या कथेत तीसच्या दशकापासून पुढे बदलत गेलेल्या चित्रपटसंगीताचे नमुने नव्याने रचून दाखवायचे होते. जुन्या चालींची नक्कल करणे सोपे होते. भाटियांनी त्या काळचे गळेच शोधले. किराणा घराण्याच्या सरस्वती राणे आणि फिरोज दस्तूर यांना त्यांनी या चित्रपटासाठी गायला लावले. सरस्वतीबाई म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या आणि १९४३ च्या 'रामराज्य'मध्ये पार्श्वगायन केलेल्या गायिका. दस्तूर तर बोलपटांच्या आरंभीच्या काळात स्वतः पडद्यावर गायलेले. ज्या काळाचा आभास निर्माण करायचा, त्या काळात प्रत्यक्ष गायलेल्या माणसांचा आवाज आणणे, ही युक्ती पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या पाश्चात्त्य संगीताच्या नामवंत गुरूंपुढे बसून शिकलेल्या माणसाला सुचावी, याचे मला अजूनही नवल वाटते. 'भूमिका'ला पटकथेचा आणि स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत कोरडेच राहिले.

गीतकाराचाही उल्लेख व्हावा. 'भूमिका'च्या गीतांत ज्यांचा वाटा आहे, त्याच वसंत देव यांनी 'भारत एक खोज'साठी ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे हिंदी रूपांतर केले आणि त्यांना स्वतःला 'सारांश'साठी गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मराठी माणसाची हिंदी आणि कच्छी भाटिया कुटुंबातल्या मुंबईकराची चाल, असा तो योग होता.

कोकणकडा

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. परंतु त्यांतून 'उपेक्षित संगीतकार' असा जो सूर हळूहळू तयार होतो आहे, त्याला माझी हरकत आहे. मानाचे मोल गाजावाजावर ठरवायचे नसेल, तर भाटियांची यादी छोटी असली तरी तोलामोलाची आहे. संगीत नाटक अकादमीने त्यांना १९८९ साली गौरवले ते सर्जनशील आणि प्रायोगिक संगीतासाठी. जी संस्था मुख्यतः शास्त्रीय गायक-वादक, नर्तक आणि रंगकर्मी यांचा विचार करते, तिने पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेल्या आणि उदरनिर्वाहासाठी चित्रपट व जाहिराती करणाऱ्या एका संगीतकाराला आपल्या पंक्तीत बसवले, हे मला एखाद्या बाहुलीवजा चषकापेक्षा फार मोठे वाटते.

त्यांना मिळालेल्या शिष्यवृत्त्याही मानसन्मानांतच मोजायला हव्यात. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन लंडनला गेलेल्या तरुणाला आधी रॉकफेलर शिष्यवृत्ती आणि नंतर फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळते आणि तो परत येऊन दिल्ली विद्यापीठात १९६० ते १९६५ पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवतो, हे त्या पिढीत किती जणांच्या वाट्याला आले? पुढे २०१२ साली गिरीश कार्नाड यांच्या नाटकावर रचलेल्या त्यांच्या 'अग्निवर्षा' या ऑपेराचे पहिले दोन अंक न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, आणि तेही पद्मश्री मिळाली त्याच वर्षी. परिचयलेखात चित्रपटांची जंत्री थोडी कमी करावी लागली तरी चालेल, पण ही बाजू गाळू नये.

मालिका सर्वांना पाठ आणि राष्ट्रीय पुरस्कार दुसऱ्याच कामासाठी, ही गोष्ट एकट्या भाटियांची नाही. अशोक पत्की यांनी 'आभाळमाया' आणि 'वादळवाट'ची शीर्षकगीते घराघरांत पोहोचवली; त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००६ सालच्या 'अंतर्नाद' या कोकणी चित्रपटासाठी. आपल्या श्रोत्यांना हे उदाहरण जवळचे वाटेल आणि मुद्दाही चटकन पोहोचेल.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्षाचा घोळ सुटला आणि 'भूमिका'वरील मजकूर तर मी जवळजवळ तसाच्या तसा, अर्थात श्रेय देऊन, घेणार आहे. कोकणकडा यांची हरकत मला निम्मी पटते. उपेक्षेचा सूर नको हे मान्य. पण शेवटच्या काळातील त्यांच्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या २०१९ साली वृत्तपत्रांत आल्या होत्या, आणि पद्मश्री लाभलेल्या संगीतकारावर ही वेळ का यावी, असे कोणीतरी सभागृहात विचारणारच. शिवाय जाहिरातींचा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

जुनीतबकडी

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते आणि कसला भत्ताही नसतो. पदक आणि सनद मिळते. संगीतकाराला म्हातारपणी आधार देणारी गोष्ट म्हणजे स्वामित्वधन, आणि भाटियांच्या उमेदीच्या काळात चालीचे पैसे एकदाच मिळून हक्क निर्मात्याकडे जाण्याचीच रीत होती. चित्रपटात वापरलेल्या गीत-संगीताच्या स्वामित्वधनातील वाटा रचनाकाराने लिहून दिला तरी तो त्याच्याकडून काढून घेता येणार नाही, अशी तरतूद स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. भाटिया तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचे बहुतेक काम त्याआधीच होऊन गेले होते. कोणी विचारलेच तर कोणावरही ठपका न ठेवता एवढे सांगावे. ते पुरेसे आहे.

जाहिरातींबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लिहाव्यात, आणि संकोच न करता लिहाव्यात. १९५९ साली परत आल्यावर त्यांना पहिले काम मिळाले ते एका रेशमी साड्यांच्या जाहिरातपटाचे. पुढे लिरिल साबण, गार्डन वरेली, ड्युलक्स असे करत हा आकडा सात हजारांवर गेला असे सांगितले जाते. तीस सेकंदांत वातावरण उभे करायचे, आणि तेही बोललेल्या शब्दाला धक्का न लावता, हा रियाज ज्याचा रोज झाला, त्याला 'अंकुर'च्या मोजक्या संगीताची काटकसर जमली यात आश्चर्य नाही.

पोथीनिष्ठ

एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. पुरस्कारांची नावे वाचून दाखवण्याऐवजी प्रत्येक मानासोबत एक तुकडा ऐकवावा. सुवर्णपदकाच्या उल्लेखाबरोबर त्यांची पियानोवरील 'फँटासिया अँड फ्यूग' ठेवता येईल, राष्ट्रीय पुरस्काराबरोबर 'तमस'चे शीर्षक, अकादमीच्या पुरस्काराबरोबर 'भारत एक खोज'. या शेवटच्या तुकड्याच्या वेळी पडद्यावर चित्र दाखवू नये. समूहस्वरांत आधी संस्कृत ऋचा येते आणि मग हिंदी. एकाखाली एक रचलेले आवाज चित्र समोर असताना सहसा ऐकूच येत नाहीत. आणि ध्वनिक्षेपक चांगला असेल, एवढी काळजी मंडळाने आधी घ्यावी. कर्कश भोंग्यावर हे संगीत वाया जाईल.