टिडलीविकीची वही: जतन आणि प्रत

टिडलीविकी या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नोंदवहीतील नोंदी ब्राउझर आपोआप जपून ठेवतो, अशी एक समजूत आहे; तीत दुरुस्ती आवश्यक वाटते. ही संपूर्ण वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल असते आणि सुरक्षिततेसाठी ब्राउझर पानाला डिस्कवरील फाइल परस्पर बदलू देत नाही. त्यामुळे विशेष सोय केलेली नसल्यास ‘सेव्ह’ केल्यावर नवी प्रत डाउनलोड होते, मूळ फाइल जुनीच राहते आणि पुढे तीच उघडली की नोंदी नाहीशा झाल्याचा भास होतो. २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायच्या पूरक सोयी) बंद केल्यावर, त्यांपैकीच एक असलेल्या आणि मूळ फाइलवरच थेट जतन करू देणाऱ्या टिडलीफॉक्सचा सोपा मार्गही संपला. म्हणून प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख घालावी, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ती अधूनमधून उघडून अलीकडची नोंद दिसते का ते पाहावे.