उपवासकाळ संपला की पुन्हा मोबाइल

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळात व्हॉट्सअ‍ॅप सोडलं, पण ईस्टरनंतर दुप्पट वेळ त्यातच गेला, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अगदी पटलं. २०२० मध्ये राखेच्या बुधवारी, म्हणजे या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पोप फ्रान्सिस म्हणाले होते, टीव्ही बंद करा आणि बायबल उघडा. आपण पहिलं अर्धंच ऐकतो! रिकाम्या झालेल्या वेळेत काही भरलं नाही, तर फोन परत घुसणारच.

वसईत आमच्याकडे जेवणाआधी सगळ्यांचे फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लागतात आणि बाहेर जपमाळ सुरू होते. पाच रहस्यांना, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांवरच्या जपाला, वीसेक मिनिटं. धाकटा तिसऱ्या रहस्यालाच पेंगतो, पेंगू दे. प्रार्थनेचं अ‍ॅप मात्र मला नको, जपमाळेतली 'नमो मारिया' ही प्रार्थना अर्ध्यावर असताना वरून सेलची नोटिफिकेशन टपकते.