युद्धकाळातल्या मुलांच्या फँटसी कादंबऱ्या: नऊ वर्षांच्या मुलीला कुठली देऊ?

रानवारा:
लेक नऊ वर्षांची आहे, रोज रात्री आम्ही थोडं थोडं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' वाचतोय. सुरुवातीलाच येतं की विमानहल्ल्यांमुळे चार भावंडांना लंडनबाहेर पाठवलं, आणि मग गोष्ट लगेच कपाटात शिरते, पण ही तिथेच अडून बसलीय, "त्यांची आई का नाही गेली सोबत?" थोडक्यात सांगितलं पण तिचं समाधान काही झालं नाही. युद्ध आणि जादू दोन्ही असलेली अजून कुठली पुस्तकं आहेत? आणि या वयात किती युद्ध दाखवावं? बातम्यांमधून कानावर पडतच असतं तिच्या.

शाईचेडाग:
मुलीने अगदी नेमकं विचारलंय, तिला खरं काय ते सांगा. १ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने शहरांतली मुलं खेड्यांकडे हलवायला सुरुवात केली, पहिल्या तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर त्यांच्या आई गेल्या, शाळेच्या मुलांबरोबर शिक्षक, बाकी आईबाप शहरातच राहिले. कोटाला नावाची चिठ्ठी, गळ्यात गॅस मास्कचा डबा आणि उतरायचं कुणाच्या घरी ते माहीत नाही. लेखक सी. एस. लुईसच्या स्वतःच्या घरी अशा मुली राहायला आल्या होत्या.
अजून एक, चौघांतला एडमंड मिठाईसाठी भावंडांशी फितुरी करतो ते आपल्याला फार क्षुल्लक वाटतं ना? पण ब्रिटनमध्ये गोडाधोडावर रेशन होतं, १९४२ ला सुरू झालं ते मधले काही महिने सोडले तर थेट फेब्रुवारी १९५३ पर्यंत, आणि पुस्तक आलं १९५० ला. म्हणजे ज्या मुलांनी ते आधी वाचलं त्यांना डबाभर मिठाई म्हणजे काय मोह असतो ते पक्कं ठाऊक होतं. हे सांगून तो प्रसंग परत वाचा तिच्यासोबत.

निळीछत्री:
मला मात्र नार्नियात, म्हणजे कपाटापलीकडच्या त्या जादूच्या देशात, युद्ध फारच पटकन मागे पडतं असं वाटतं, मुलं राजे-राण्या होतात आणि लंडनमधल्या बॉम्बचं पुढे नावही नाही. केट सॉंडर्सचं 'फाइव्ह चिल्ड्रन ऑन द वेस्टर्न फ्रंट' (२०१४) वाचा. ई. नेस्बिटच्या १९०२ च्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' या पुस्तकातली मुलं, ती वाळूतल्या चिडक्या प्राण्याकडे इच्छा मागणारी, ती १९१४ ला, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, किती मोठी झाली असतील याचा हिशोब करा, मोठा भाऊ सिरिल बरोबर सैन्यात जायच्या वयाचा होतो. इच्छा पूर्ण करणारा प्राणी घरात आहे आणि तरी युद्ध थांबवता येत नाही, हे मला या प्रकारातलं सगळ्यात प्रामाणिक लिखाण वाटतं. पण शेवट जड आहे, आधी तुम्ही स्वतः वाचा, मग तिच्याबरोबर बसून.

शाईचेडाग:
@निळीछत्री मागे पडतं हे खरं, पण मला तेच हवंसं वाटतं. युद्धात मुलांच्या हातात काहीच नसतं, कुठे जायचं तेही मोठेच ठरवतात. कपाटापलीकडे गेल्यावर मात्र कुणावर विश्वास ठेवायचा, कुणासाठी परत फिरायचं हे मुलंच ठरवतात. भ्यायलेल्या मुलाला हे मिळणं फार मोठी गोष्ट आहे हो.

पानगळ:
थोडी मोठी झाली की, म्हणजे बारा-तेराला, रॅन्सम रिग्जचं 'मिस पेरेग्रिन्स होम फॉर पिक्युलियर चिल्ड्रन' (२०११). अनाथाश्रमातली मुलं ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगतात, बॉम्ब पडायच्या क्षणी घड्याळ मागे फिरवलं जातं. नायकाचे आजोबा पोलंडमधून लहानपणी एकटे पाठवलेले ज्यू, ते राक्षसांच्या गोष्टी सांगायचे आणि घरच्यांना वाटायचं राक्षस म्हणजे नाझीच. आत्ता नको, जुने विचित्र फोटो आहेत, रात्री झोप उडेल.

रानवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कोटाच्या चिठ्ठीचं आणि रेशनचं सांगितलं, तर म्हणते चिठ्ठीवर आईचंही नाव लिहायचे का. @निळीछत्री, नेस्बिटचं मूळ पुस्तक आधी वाचायला लागेल की थेट चालेल?

निळीछत्री:
थेट चालेल, पण मूळ आधी वाचा. भावंडांचा लळा लागलेला असेल तरच दुसऱ्या पुस्तकातलं युद्ध कळतं.